रक्ताची पातळी, हाडांची किंमत

रक्ताच्या अहवालात कॅल्शियमसमोरचा आकडा योग्य दिसला, की हाडे ठणठणीत आहेत असे समजून आपण निर्धास्त होतो. हा समज धोक्याचा आहे. प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण एक किलो कॅल्शियम असते आणि त्यातले ९९ टक्के हाडांत व दातांत असते. रक्तात फिरतो तो अगदी थोडा अंश. पण हृदयाचे ठोके, स्नायूंचे आकुंचन, मज्जातंतूंचे संदेश आणि रक्त गोठणे या साऱ्याला तो लागतो. म्हणून रक्तातले कॅल्शियम दर १०० मिलिलिटरमागे साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम एवढ्याच मर्यादेत राहील, अशी काळजी शरीर घेते. त्यासाठी वेळ पडली तर हाडे पोखरते.

ही पहारेदारी चार पॅराथायरॉइड ग्रंथी करतात. त्या गळ्यात, थायरॉइडच्या मागे असतात आणि एकेकीचे वजन जेमतेम ३० ते ५० मिलिग्रॅम भरते. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८४९ मध्ये मेलेल्या भारतीय गेंड्याचे विच्छेदन करताना रिचर्ड ओवेन यांनी ही ग्रंथी प्रथम टिपली. माणसातल्या ग्रंथींचे वर्णन स्वीडनच्या इव्हार सँडस्ट्रॉम यांनी १८८० मध्ये केले. त्यांचा कॅल्शियमशी असलेला संबंध स्पष्ट व्हायला १९०९ साल उजाडले.

रक्तातले कॅल्शियम किंचित जरी उतरले, तरी या ग्रंथी पॅराथायरॉइड हार्मोन सोडतात. ते हाडांतून कॅल्शियम मोकळे करवते आणि लघवीवाटे जाणारे कॅल्शियम मूत्रपिंडाकडून अडवून धरते. इथे एक अडचण उभी राहते. हाडात कॅल्शियम आणि फॉस्फेट एकत्रच बसलेले असतात, त्यामुळे हाड विरघळले की दोन्ही रक्तात येतात. फॉस्फेट साचले तर ते कॅल्शियमला बांधून टाकणार आणि सगळा खटाटोप वाया जाणार. म्हणून तेच हार्मोन मूत्रपिंडाला जादा फॉस्फेट लघवीतून बाहेर टाकायला लावते. एकाच रेणूने एकीकडे राखावे आणि दुसरीकडे टाकावे, ही योजना थक्क करणारी आहे.

हाडे म्हणजे कणगी. तिच्यातून काढतच राहिलो आणि भर घातली नाही, तर ती रिती होणारच. भर घालण्याचे काम ड जीवनसत्त्वाकडे आहे. उन्हाने त्वचेत तयार झालेले हे जीवनसत्त्व आधी यकृतात आणि मग मूत्रपिंडात बदलते, तेव्हा कुठे ते कामाचे होते. त्याचे हे सक्रिय रूप आतड्यांतून कॅल्शियम व फॉस्फेट शोषून घ्यायला लावते. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, पण ड जीवनसत्त्व अपुरे असेल तर त्यातले फारच थोडे अंगी लागते. मग मुलांना मुडदूस होतो आणि मोठ्यांची हाडे मऊ पडून दुखतात. रक्तातला आकडा मात्र बरेच दिवस जागचा हलत नाही.

फॉस्फेटवर लक्ष ठेवणारे हार्मोन खुद्द हाडांतल्या पेशीच तयार करतात, हे या शतकाच्या सुरुवातीला उमगले. एफजीएफ-२३ हे त्याचे नाव. ते मूत्रपिंडाकरवी फॉस्फेट बाहेर घालवते आणि ड जीवनसत्त्वाचे सक्रिय रूप बनणे कमी करते. थायरॉइडमधून येणारे कॅल्सिटोनिन कॅल्शियम उतरवते, पण माणसात त्याचा रोजचा वाटा लहान आहे.

या साऱ्या व्यवहारात मूत्रपिंड मध्यवर्ती असते. म्हणूनच ते निकामी होऊ लागले, की फॉस्फेट साचते, ड जीवनसत्त्व सक्रिय होत नाही आणि पॅराथायरॉइड ग्रंथी अहोरात्र राबू लागतात. डायलिसिसच्या रुग्णांना फॉस्फेटवर नियंत्रण ठेवायला सांगतात, ते हाडे आणि रक्तवाहिन्या वाचवण्यासाठी.

अंगदुखी, स्नायूंची कमजोरी किंवा वारंवार होणारा मुतखडा यांच्या मागे या व्यवस्थेतला बिघाड असू शकतो. तेव्हा एकट्या कॅल्शियमच्या आकड्यावर विसंबू नये. फॉस्फेट, ड जीवनसत्त्व, पॅराथायरॉइड हार्मोन आणि मूत्रपिंडाचे काम यांचे आकडे शेजारी ठेवून डॉक्टर ते वाचतात, तेव्हाच खरे चित्र दिसते. कॅल्शियमच्या किंवा ड जीवनसत्त्वाच्या गोळ्यांची गरज आहे का आणि किती, हे त्यावरूनच ठरते. त्याआधी दुकानातून गोळ्या आणून महिनोन्महिने घेऊ नयेत, कारण रक्तात कॅल्शियम वाढणेही तितकेच घातक आहे.