नागपूरच्या पुरानंतर 50 हजारांची मदत जाहीर झाली, पण हॉटेल-ट्रॅव्हल्सवाल्यांच्या बुडालेल्या सीझनचं काय?

23 सप्टेंबर 2023. शनिवारची पहाट, गणपतीचे दिवस. नागपुरात चार तासांत 100 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला आणि पाणी घराघरांत, दुकानांत शिरलं. मोरभवन बसस्थानकात तर बस बुडाल्या.

सरकारने मदत जाहीर केली. दुकानांना 50 हजारांपर्यंत, टपऱ्यांना 10 हजारांपर्यंत. यातला 'पर्यंत' हा शब्द नीट वाचा. आकडा पंचनाम्यावर ठरतो, म्हणून चिखल काढायच्या आधी फोटो काढून ठेवायचे.

पण फिरायला येणाऱ्या गर्दीवर ज्यांचं पोट आहे, त्यांचं गणित वेगळं असतं. भिजलेला फ्रीज पंचनाम्यात दिसतो. बंद राहिलेले वीस दिवस दिसत नाहीत.

मग विमा? छोट्या व्यावसायिकांसाठी 1 एप्रिल 2021 पासून 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' पॉलिसी आहे. एका जागेवरच्या 5 कोटींपर्यंतच्या मालमत्तेला ती चालते आणि त्यात पूर येतो. मात्र बुडालेल्या कमाईसाठी 'लॉस ऑफ प्रॉफिट'चं वेगळं कव्हर घ्यावं लागतं. एजंट हे आपणहून सांगेलच असं नाही, विचारायचं.

ट्रॅव्हल्सवाल्यांची गोष्ट आणखी अवघड. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर बुडालेल्या गाडीचे पैसे मिळत नाहीत. आणि बुडालेल्या गाडीला सेल्फ मारून इंजिन गेलं, तर साधारणपणे इंजिन प्रोटेक्शन ॲड-ऑनशिवाय क्लेम अडकतो. म्हणून गाडी चालू न करता टो करायची.

कर्ज असेल तर बँकेत लवकर जायचं. आपत्तीग्रस्त भागात हप्ते पुढे ढकलून कर्जाची पुनर्रचना करायची तरतूद रिझर्व्ह बँकेच्या नियमांत आहे.

एवढं करूनही गिऱ्हाईक परत यायला हवं. केरळात 2018 ला हेच झालं. 12 वर्षांनी फुलणाऱ्या नीलकुरिंजीचा हंगाम मुन्नारमध्ये नेमका पुरात सापडला. ऑगस्टमधली नेहरू ट्रॉफी बोट रेस पुढे ढकलली, पण रद्द केली नाही. ती 10 नोव्हेंबरला झाली.

नागपूरच्या पुरानंतर महिनाभरात, 24 ऑक्टोबरला दीक्षाभूमीचा सोहळा होता. पेंच-ताडोब्याची कोअर सफारीही ऑक्टोबरमध्येच सुरू होते. पण बाहेरगावचा माणूस बुकिंग करताना मोबाईलवर बुडालेल्या नागपूरचे व्हिडीओ बघतो, आणि त्यावर तारीख नसते.