धडक की अडवणूक? : महाविद्यालयीन बास्केटबॉलमधील एक पंचनिर्णय

अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये सर्वाधिक वाद होणाऱ्या निर्णयांपैकी एक निर्णय बास्केटखाली होतो. चेंडूधारी खेळाडू वेगाने येतो, रक्षक त्याच्या वाटेत उभा राहतो आणि दोघेही कोसळतात. पंचाने ‘चार्ज’ म्हणजे धडक ठरविली, तर चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. ‘ब्लॉक’ म्हणजे गैर अडवणूक ठरविली, तर नेम साधत असलेल्या खेळाडूस फ्री थ्रो मिळतात. पाचव्या फाउलला खेळाडू बाद होत असल्याने या एका शिटीचे मोल मोठे आहे. हा निर्णय कोणत्या तत्त्वावर दिला जातो, ते येथे पाहावयाचे आहे.

जेम्स नेस्मिथ यांनी 1891 मध्ये स्प्रिंगफील्ड येथे हा खेळ निर्माण केला, तेव्हा त्यांच्या तेरा नियमांत प्रतिस्पर्ध्यास खांद्याने ढकलणे, धरणे व पाडणे निषिद्ध होते. तथापि, दोघांनाही एकच जागा हवी असेल तर ती कोणाची, हा प्रश्न त्याने सुटत नाही. आजच्या नियमाचे उत्तर असे की, जो वैध रीतीने आधी पोहोचला, जागा त्याची. रक्षकाचे दोन्ही पाय जमिनीवर व तोंड चेंडूधाऱ्याकडे असले, म्हणजे त्याची वैध स्थिती सिद्ध होते. रक्षक निश्चल असलाच पाहिजे, हा प्रेक्षकांचा समज मात्र चुकीचा आहे. एकदा वैध स्थिती मिळविल्यावर ती टिकविण्यासाठी तो बाजूस वा मागे सरकू शकतो. पुढे घुसू शकत नाही.

‘आधी’ म्हणजे कोणत्या क्षणाच्या आधी, हा खरा कळीचा मुद्दा होय. पुरुषांच्या खेळात हा क्षण अलीकडे अनेकदा बदलला. पूर्वी चेंडूधाऱ्याचे पाय जमीन सोडण्यापूर्वी रक्षक पोहोचला, तर पुरे होते. 2013-14 च्या हंगामात चेंडू वर नेण्याच्या हालचालीचा आरंभ ही मर्यादा ठरली. पुढच्याच हंगामात जुना निकष परत आला. 2023-24 पासून उडीसाठी पाय रोवला जाण्याचा क्षण प्रमाण मानला जातो. त्यानंतर आलेल्या रक्षकाशी टक्कर झाल्यास ती अडवणूक समजावी, अशी पंचांना सूचना आहे.

काळाप्रमाणेच स्थळाचीही मर्यादा आहे. बास्केटखाली 2011-12 मध्ये तीन फूट त्रिज्येचा कंस आखण्यात आला. पुरुषांच्या खेळात 2015-16 पासून तो चार फुटांचा झाला. मदतीस धावून आलेल्या दुय्यम रक्षकास या कंसात उभे राहून धडक मिळविता येत नाही. मूळ रक्षकास हे बंधन नाही.

यावरून पंचाची दृष्टी कोठे असावी, हे स्पष्ट होते. चेंडूकडे पाहणाऱ्यास टक्कर दिसते, परंतु टक्करीपूर्वीची स्थिती दिसत नाही. आणि निर्णय तर त्या स्थितीवरच अवलंबून असतो. म्हणूनच मैदानावरील तिन्ही पंचांना प्रथम रक्षकाकडे पाहण्याची शिकवण दिली जाते. कोण पडला, किती जोराने पडला, यास महत्त्व नाही.

पाय रोवण्याचा निकष रक्षकाच्या दृष्टीने कठोर आहे, हे खरे. परंतु उडी घेऊ लागलेल्या माणसास दिशा बदलता येत नाही. ज्याला थांबणे अशक्य आहे, त्याच्या वाटेत उशिरा येणाऱ्यास दोष देणे, हे न्यायास व सुरक्षिततेस धरूनच आहे.