मोत्याचे पस्तीस दात

आमच्या मोत्याच्या तोंडाला वास येऊ लागला, तेव्हा ‘कुत्र्याच्या तोंडाला वास यायचाच’ म्हणून मी विषय मिटवला. बँकेत जन्मभर थकबाकीची पहिली चिन्हे हेरणारा मी! सहाव्या वर्षी त्याने आवडत्या भाकरीपुढून मान फिरवली. डॉक्टरांनी भूल देऊन दात साफ केले. सात काढावेच लागले.

मोठ्या कुत्र्याला ४२ दात असतात. त्यांवर रोज चिकट थर बसतो. तो घासून काढला नाही, तर काही दिवसांतच त्याचे टणक कीटण होते. जंतू हिरडीखाली शिरतात आणि दाताचा आधारच पोखरतात. मोत्या पॉमेरेनियन. अशा लहान जातींत दात दाटीवाटीने, म्हणून त्रास अधिक. हाड चघळले की दात स्वच्छ राहतात, हा आपला लाडका समज. पण टणक हाडाने दाढच चिरते.

जखमा भरल्यावर आधी बोटाला ओले फडके, मग मऊ ब्रश. पेस्ट कुत्र्यांचीच हवी. तो चूळ थोडीच भरणार? गिळतोच, आणि आपल्या काही पेस्टमधले झायलिटॉल त्याला विषच.

आता रात्रीच्या बातम्या संपल्या की मोत्या आपणहून पुढ्यात येऊन बसतो. ही म्हणते, “एवढं स्वतःच्या दातांकडे पाहिलं असतंत, तर कवळी लागली नसती!”