‘डू यू लाइक रीडिंग?’ : आयेल्ट्सच्या तोंडी परीक्षेत वाचनावर बोलताना

भाचीचा सराव घेत होते. पहिलाच प्रश्न विचारला, ‘डू यू लाइक रीडिंग?’ तिने लगेच सांगितलं, की वाचनाची तिला खूप आवड आहे आणि हॅरी पॉटर हे तिचं लाडकं पुस्तक आहे. मी विचारलं, त्यातला कोणता प्रसंग आवडला? ती गप्प झाली. सिनेमा अर्धामुर्धा पाहिलेला, पुस्तक उघडलेलंही नाही. तिचं इंग्रजी कच्चं नव्हतं. सांगायला खरं काही नव्हतं, म्हणून ती अडली.

तोंडी परीक्षा देणाऱ्या कितीतरी जणांचं इथेच बिनसतं. म्हणून वाचनाचा विषय निघाला तर पुढे काय काय होतं आणि आपण घरी कशी तयारी करायची, ते क्रमाने पाहू.

आयेल्ट्स ही परदेशी शिकायला किंवा नोकरीला जाणाऱ्यांची इंग्रजीची परीक्षा. तिचा तोंडी भाग ११ ते १४ मिनिटांचा असतो. त्यात तीन टप्पे: आधी ओळखीच्या विषयांवरचे साधे प्रश्न, मग एका विषयावर सलग बोलणं आणि शेवटी त्याच विषयाला धरून चर्चा. सगळं बोलणं रेकॉर्ड होतं.

गुण चार गोष्टींना मिळतात आणि चारहींना सारखंच वजन असतं. बोलणं न अडखळता, एकाला एक धरून होतंय का. शब्द पुरेसे आणि नेमके आहेत का. वाक्यं निरनिराळ्या घडणीची आणि बिनचूक आहेत का. आणि उच्चार समजतात का. आपण किती पुस्तकं वाचलीत, कोणत्या भाषेत वाचलीत, याला एकही गुण नाही. हे एकदा मनात पक्कं बसलं, की इंग्रजी कादंबऱ्या वाचत असल्याचा आव आणावासा वाटत नाही.

आता कागद घ्या आणि गेल्या वर्षभरात खरोखर जे वाचलं ते लिहून काढा. पुस्तकंच हवीत असं नाही. पेपरातलं क्रीडा पान, पाककृती, स्पर्धा परीक्षेची गाइडं, मोबाइलवर आलेले लेख, सगळं चालेल. भाचीने सुरुवातीला ‘मी काही वाचतच नाही’ म्हणून तोंड पाडलं होतं. दहा मिनिटांनी कागदावर होतं: आजोबांकडे येणारे दिवाळी अंक, शाळेत असताना फास्टर फेणेची पुस्तकं आणि सुट्टीत दोन दिवसांत संपवलेली ‘बनगरवाडी’. एवढ्यावर तिन्ही टप्पे निभावतात.

मग या यादीतली प्रत्येक गोष्ट इंग्रजीत समजावून सांगायचा सराव करा. ‘दिवाळी अंक’ हा शब्द परीक्षकाला ठाऊक असेलच असं नाही. आपण म्हणू शकता, ‘अ स्पेशल मॅगझिन इश्यू दॅट कम्स आउट एव्हरी इयर अराउंड दिवाली, विथ स्टोरीज, पोएम्स अँड कार्टून्स.’ १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाने ही प्रथा सुरू केली, हेही जोडलंत तर उत्तराला वजन येतं.

नेमका शब्द माहीत नसताना दुसऱ्या शब्दांत अर्थ पोचवण्याला इंग्रजीत पॅराफ्रेज म्हणतात. शब्दसंपत्तीचे गुण देताना परीक्षक हे कौशल्य मुद्दाम पाहतात. म्हणजे मराठी पुस्तकावर बोलणं ही अडचण नाहीच. आपल्या जगातली गोष्ट परक्याला उलगडून सांगताना हे कौशल्य आपोआप दिसतं.

पहिला टप्पा चार-पाच मिनिटांचा. वाचायला आवडतं का, लहानपणी वाचत होता का, कागदावर वाचणं बरं वाटतं की पडद्यावर, असे प्रश्न येतात. प्रत्येक उत्तर दोन-तीन वाक्यांचं असावं. ‘येस, आय डू’ म्हणून थांबू नका आणि भाषणही ठोकू नका. वाचन आवडत नसेल तर तसंच सांगा, फक्त कारण द्या: कामावरून यायला उशीर होतो, म्हणून वाचण्याऐवजी ऐकणं सोपं जातं. ‘नाही’ म्हटल्याने गुण जात नाहीत.

या टप्प्यावर मराठी माणसाच्या हमखास होणाऱ्या चुका चारच आहेत, पण त्या फार वेळा होतात. पहिली काळाची. ‘मी लहानपणापासून वाचते’ हे मराठीत वर्तमानकाळात भागतं, म्हणून आपण ‘आय ॲम रीडिंग सिन्स चाइल्डहूड’ म्हणून जातो. इंग्रजीत तिथे ‘आय हॅव बीन रीडिंग सिन्स आय वॉज अ चाइल्ड’ हवं.

दुसरी चूक कानाला लगेच कळते. ‘वाचलं’ या अर्थी स्पेलिंग तेच राहतं, पण उच्चार ‘रेड’ होतो. ‘लास्ट मंथ आय रीड’ असं म्हटलं, की काळ बिघडल्यासारखा ऐकू येतो. वाचनाच्या विषयात हे क्रियापद दर दोन वाक्यांनी येणार, तेव्हा त्यावर जरा जास्त मेहनत घ्या.

तिसरी, वाचनालयातून आपण पुस्तक ‘बॉरो’ करतो, वाचनालय आपल्याला ‘लेंड’ करतं. यांची अदलाबदल नको. चौथी, अमक्यापेक्षा तमकं बरं म्हणताना ‘प्रिफर’च्या पुढे ‘दॅन’ लावतात, तिथे ‘टू’ हवं: ‘आय प्रिफर प्रिंटेड बुक्स टू ई-बुक्स’.

पाठ केलेल्या उत्तरांबद्दल स्पष्टच सांगते. ‘बुकवर्म’, ‘अव्हिड रीडर’ असे ठेवणीतले शब्द एकामागून एक आले आणि पुढचं वाक्य साधंसुधं, अडखळत आलं, की परीक्षकाला जोड दिसते. पाठांतर ओळखायचं प्रशिक्षण त्यांना दिलेलं असतं. असा एखादा शब्द सहज आला तर येऊ द्या, ओढून आणू नका.

दुसरा टप्पा सगळ्यांत धास्तीचा. परीक्षक एक कार्ड देतात. त्यावर विषय आणि त्याखाली मुद्दे छापलेले असतात. समजा विषय आला आवडलेल्या पुस्तकाचा: पुस्तक कोणतं, कशाबद्दल आहे, कधी वाचलं आणि का आवडलं. विचार करायला १ मिनिट, कागद आणि पेन्सिल मिळते. मग १ ते २ मिनिटं आपणच बोलायचं, परीक्षक मध्ये बोलत नाहीत.

त्या एका मिनिटात पूर्ण वाक्यं लिहायला बसलात तर दुसऱ्या वाक्यापाशीच वेळ संपतो. भाचीच्या कागदावर शेवटी फक्त पाच नोंदी उरल्या होत्या: हॉलिडे, टीचर, शेफर्ड्स, जिम, ड्राउट. कागदावरच्या नोंदींना गुण नसतात. बोलताना नजर टाकली की पुढचं आठवावं, एवढंच त्यांचं काम.

या पाच शब्दांत ‘बनगरवाडी’ बसते. व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी १९५५ साली पुस्तकरूपाने आली. एक तरुण शिक्षक धनगरांच्या वाडीवर येतो, हळूहळू त्यांच्यातला होतो, सगळे मिळून तालीम बांधतात आणि मग दुष्काळ पडून माणसं वाडी सोडून जातात. ‘तालीम’ला नुसतं ‘जिम’ म्हटलं तर शहरातली वातानुकूलित व्यायामशाळा डोळ्यांसमोर येते. भाचीने पुढच्या सरावात म्हटलं, ‘अ स्मॉल बिल्डिंग व्हेअर यंग मेन ऑफ द व्हिलेज एक्सरसाइज अँड रेसल.’ मला ते फार आवडलं. दुष्काळाच्या इंग्रजी शब्दात ‘जीएच’ ही अक्षरं मूक आहेत, उच्चार ‘ड्राउट’.

सगळी गोष्ट सांगत बसणं ही इथली मोठी चूक. कथानकातच दोन मिनिटं जातात आणि ‘का आवडलं’ हा मुद्दा राहून जातो. तो खरं तर सर्वांत भरीव. मत सांगताना, तुलना करताना, ‘मी तिथे असते तर’ म्हणताना वाक्यांची घडण आपोआप बदलते आणि व्याकरणाची तयारी तिथेच दिसते. कथानक अर्ध्या मिनिटात उरका, एकच प्रसंग जवळून सांगा आणि उरलेला वेळ कारणांना द्या.

दोन मिनिटं झाली की परीक्षक थांबवतात. वाक्य अर्धं राहिलं तरी घाबरू नका, वेळ पाळण्यासाठी ते सगळ्यांनाच थांबवतात. नंतर एखाद-दुसरा छोटा प्रश्न येतो, त्याचं उत्तरही छोटंच द्या.

तिसऱ्या टप्प्यात पुन्हा चार-पाच मिनिटं. आता प्रश्न आपल्याबद्दल नसतात, समाजाबद्दल असतात: मुलांचं वाचन कमी झालंय का, छापील पुस्तकं टिकतील का, सरकारने वाचनालयांवर खर्च करावा का. इथे ‘मला तर वाचायला आवडतं’ एवढ्यावर थांबणारे फार. आधी मत, मग कारण, मग उदाहरण, असं बोला. सातारा जिल्ह्यातलं भिलार २०१७ पासून ‘पुस्तकांचं गाव’ झालं. तिथे घरांत पुस्तकं ठेवली आहेत आणि कोणीही बसून वाचावं. वाचनासाठी सरकारने काय करावं, या प्रश्नाला याहून चांगलं उदाहरण शोधायची गरज नाही.

प्रश्न कळला नाही तर अंदाजाने उत्तर देऊ नका. ‘सॉरी, कुड यू प्लीज रिपीट दॅट?’ असं विचारायला हरकत नसते. या टप्प्यात तर ‘म्हणजे आपल्याला अमुक म्हणायचंय का?’ असंही विचारता येतं.

सराव रोज एका कार्डाचा पुरे. फोनवर १ मिनिट, मग २ मिनिटं लावा, बोलणं रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. त्याच दिवशी ऐकलं तर आपल्या चुका आपल्यालाच बरोबर वाटतात. ऐकताना एका वेळी एकच गोष्ट तपासा: आज फक्त ‘रीड’ आणि ‘रेड’, उद्या फक्त काळ.

शेवटच्या आठवड्यात मात्र घड्याळाकडे न बघता बोला आणि संपल्यावर वेळ तपासा. दोन मिनिटं किती असतात ते अंगवळणी पडू द्या, कारण परीक्षेच्या खोलीत पासपोर्ट न्यावा लागतो, पण मोबाइल आणि मनगटावरचं घड्याळ दोन्ही बाहेर ठेवावं लागतं.