फोटो आले, पुढे काय?

कॅनडातल्या ‘इंजिनिअर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेने स्वतःच्या फसलेल्या कामांचे अहवाल छापायला सुरुवात केली, त्याबद्दल आज लिहायचं ठरलं होतं. पण आंबेगाव तालुक्यातल्या घोडेगावहून एका वाचक कार्यकर्तीचा प्रश्न आला आणि तो विषय मागे पडला. तिच्या संस्थेचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, रोज बैठकांचे फोटो पडतात, खाली अंगठे आणि जोडलेले हात. यातून संस्था शिकणार कशी? शिवाय डिंभे धरणाच्या वर रेंजचा भरवसा नाही, ती अडचण वेगळीच.

फोटो पुरावा म्हणून हवाच. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात जुन्नर-आंबेगावच्या आदिवासी गावांतला हिरडा झोडपला गेला. अशा वेळी झाडाखालचा सडा दाखवणारा फोटो पंचनाम्याला उपयोगी पडतो. पण वाळवलेला बाळहिरडा कोणत्या भावाने गेला, घासाघीस का जमली नाही, गटाने एकत्र विकायचं ठरवूनही शेवटी जो तो एकेकटाच व्यापाऱ्याकडे का गेला, हे कुठल्याच फोटोत दिसत नाही. ते कार्यकर्तीला माहीत असतं. परतीच्या एसटीत ते तिच्या डोक्यात घोळतही असतं. मासिक अहवालाच्या नमुन्यात त्याला रकानाच नसतो.

डोनाल्ड शॉन यांनी ‘द रिफ्लेक्टिव्ह प्रॅक्टिशनर’ या १९८३ च्या पुस्तकात कामाबद्दलच्या अशा विचाराचे दोन प्रकार सांगितले: काम चालू असताना होणारा आणि काम उरकल्यावर मागे वळून केलेला. पहिला आपल्या कार्यकर्त्यांकडे भरपूर असतो. दुसऱ्यासाठी मुद्दाम वेळ काढावा लागतो.

तो काढला तर काय होतं, हे गडचिरोलीत दिसलं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने ३९ गावांत नवजात बाळांवर घरीच उपचार करण्याचा प्रयोग केला. त्याआधीचं एक वर्ष, १९९५-९६, बाळांना घरी काय होतं हे पाहण्यात आणि टिपण्यात घालवलं. मग गावातल्याच आरोग्यदूतांना शिकवलं. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले: तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदरात तुलनेने ६२ टक्के घट. उपचारांइतकंच महत्त्व त्या पाहण्यात घालवलेल्या वर्षाला द्यायला हवं.

आणि खुद्द आंबेगावात? डिंभे धरणात जमिनी गेलेल्यांबरोबर कुसुम कर्णिक आणि आनंद कपूर यांच्या ‘शाश्वत’ने काम केलं. पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या जमिनीत पीक, डोंगरउतारावर पडकईने, म्हणजे सगळ्यांनी मिळून उतार सपाट करून, भातखाचरं, आणि जलाशयात मासेमारीची सहकारी संस्था. डोंगरात शेती करणारी माणसं जाळं टाकायला शिकली. हे शिकणं कुठल्या ग्रुपवर झालेलं नाही. समोरासमोर बसण्याची जागा फोन घेईल, असा दावा इथे कुणी करू नये.

दोन भेटींमधला वेळ मात्र फोन सांभाळतो, आणि त्यासाठी व्हॉइस नोटसारखं साधन नाही. व्हॉट्सॲपवर २०१३ पासून ती सोय आहे. लिहायला बसलं की कार्यकर्ता ‘बैठक उत्साहात पार पडली’ असं लिहितो. बोलायला लागला की अडखळतो, थांबतो, ‘खरं म्हणजे’ म्हणतो, आणि पुढे कामाचं निघतं. रेंज नसली तरी बिघडत नाही. आहुप्याच्या वाटेवर बोलून ठेवलेला निरोप घड्याळाचं चिन्ह दाखवत थांबतो आणि फोनला नेटवर्क मिळालं की निघतो.

घोडेगावच्या ताईंनी एवढं करून पाहावं. फोटोंचा ग्रुप तसाच राहू द्यावा. पाच-सात जणांचा दुसरा काढावा आणि त्यात देणगीदार किंवा विश्वस्त अजिबात नकोत; वरिष्ठ ऐकत असले की सगळंच छान चाललेलं असतं. आठवड्याला एकच प्रश्न: या आठवड्यात ठरवल्यापेक्षा वेगळं काय झालं? उत्तर दोन मिनिटांत. महिन्याच्या बैठकीत त्यातल्या तीन-चार नोट्स सगळ्यांनी मिळून ऐकाव्यात, बोलणाऱ्याच्या संमतीने, आणि पुढच्या महिन्यात काय बदलायचं ते तिथेच वहीत लिहावं.

एक पथ्य आहे. नोटमध्ये कुठल्या घरातलं भांडण, कुणाचं आजारपण, कुणाचं कर्ज यांचा उल्लेख येतोच. बोलतानाच नावं टाळायची सवय लावावी, कारण व्हॉइस नोट दुसऱ्याला पाठवायला क्षणही पुरतो. चुकून नाव आलंच तर नोट सगळ्यांसाठी पुसून पुन्हा बोलावं.

कॅनडाचे अपयश-अहवाल पुढच्या आठवड्यात.