इर्शाळवाडी: वर्गमित्रांचा डोंगर

मुंबई-पुणे जुन्या महामार्गाने पनवेल सोडून खोपोलीच्या दिशेने निघालं की डाव्या हाताला माथेरानच्या डोंगररांगेची सोबत सुरू होते. आधी प्रबळगडाचा लांबरुंद माथा आणि त्याला बिलगलेला कलावंतिणीचा सुळका दिसतो. मग एका खिंडीपलीकडे इर्शाळगड दिसतो. उंची सुमारे ३,७०० फूट. माथ्यावर कातळाचा उभा सुळका आहे आणि त्या कातळाला आरपार पडलेलं भोक आहे, गिर्यारोहक त्याला नेढं म्हणतात. नेढ्यात उभं राहिलं की एका बाजूला माथेरान आणि खाली नवी मुंबईची तहान भागवणाऱ्या मोरबे धरणाचं पाणी दिसतं. या किल्ल्यावर मोठी लढाई झाल्याची नोंद नाही. तटबंदी नाही, वाडे नाहीत. पाण्याची टाकी आणि वाऱ्याचा आवाज एवढीच इथली संपत्ती.

गडाच्या निम्म्या वाटेवर, डोंगराच्या खांद्यावरच्या सपाटीला, इर्शाळवाडी होती. खालापूर तालुक्यातली ठाकर समाजाची ही वस्ती. लोकसंख्या २२८. गाडीरस्ता नव्हता. खालच्या गावातून तासाभराची चढण चढूनच वर पोचायचं. पावसाळ्यात उतारावर नाचणी-वरीची शेती, पहिल्या पावसात रानभाज्या, उन्हाळ्यात करवंदं आणि जांभळं. डोक्यावर पाटी घेऊन बायका चौक गावच्या बाजाराला उतरत. थंडीत मुंबई-पुण्याची ट्रेकर मंडळी गडावर आली की वाडीतल्या एखाद्या घरी पिठलं-भाकरी मिळे आणि वाट दाखवायला वाडीतलाच पोरगा पुढे निघे. वाडीच्या कडेला जिल्हा परिषदेची छोटी शाळा होती.

१९ जुलै २०२३ च्या रात्री, साडेदहा-अकराच्या सुमाराला, वरचा डोंगर या वाडीवर आला. त्याआधीच्या तीन दिवसांत या भागात सुमारे पाचशे मिलिमीटर पाऊस कोसळला होता. दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीत इर्शाळवाडीचं नाव नव्हतं. काळोख, धो धो पाऊस आणि निसरडी पायवाट. वर यंत्रं नेता येईनात, हवामानामुळे हेलिकॉप्टरही उडेना. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान, अग्निशमन दल, आजूबाजूच्या गावांतले लोक, गिर्यारोहक यांनी फावडी-घमेली घेऊन हाताने माती उपसली. चढण चढतानाच नवी मुंबई अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याचा हृदयविकाराने मृत्यू झाला. चार दिवसांनी, २३ जुलैला, शोध थांबवण्यात आला. तोवर २७ मृतदेह हाती लागले होते. ५७ जण बेपत्ता राहिले. दोन्ही मिळून ८४.

या सगळ्यात शाळेची जागा ध्यानात ठेवण्यासारखी आहे. वाडीतले काही तरुण त्या रात्री शाळेच्या इमारतीत मोबाईलवर खेळत जागे होते. मोठा आवाज झाला, ते बाहेर धावले, आणि पहिली आरडाओरड त्यांनी केली. मातीने घरं गिळली, पण कडेची शाळा वाचली. आणखी दूरच्या एका शाळेनेही मुलं वाचवली. डोंगरातल्या वाड्यांवरची पुष्कळ मुलं आश्रमशाळांच्या वसतिगृहात राहून शिकतात. उन्हाळ्याची सुट्टी संपवून ती जूनच्या मध्यावर पुन्हा आश्रमशाळेत गेली होती. इर्शाळवाडीतली जी मुलं त्या रात्री वसतिगृहात झोपली होती, ती जगली. सकाळी त्यांना कळलं की घर नाही, कुणाचे आईबाप नाहीत, कुणाची धाकटी भावंडं नाहीत, आणि सुट्टीभर ज्याच्याबरोबर करवंदं तोडली, ओढ्यात खेकडे धरले, तो मित्रही नाही.

आईबाप, भावंडं, मुलगा, सून यांची नोंद झाली. सरकारने प्रत्येक मृताच्या वारसांना पाच लाखांची मदत जाहीर केली. वारस शोधले गेले, दाखले निघाले, खाती उघडली गेली. ते गरजेचंच होतं. पण एका नात्यासाठी कुठल्याच अर्जात रकाना नसतो, आणि ते नातं म्हणजे वर्गमित्र. एका बाकावर बसणारा, डब्यातली भाकर वाटून खाणारा, गुरुजींच्या छडीपासून वाचवण्यासाठी खोटं बोलणारा मित्र कायद्याने कुणाचाच कुणी नसतो. त्याला सुतक नाही आणि दहाव्याच्या पंगतीत त्याचं वेगळं पान नाही. शाळेच्या हजेरीपटावरून गेलेल्या मुलाचं नाव कमी होतं, आणि दुसऱ्या दिवशी गुरुजी हजेरी घेतात तेव्हा एका नावानंतर लगेच पुढचं नाव येतं. मधली जागा फक्त वर्गातल्या पोरांना ऐकू येते.

लहानपणी गेलेल्या मित्राचं दुःख वयाबरोबर वाढतं, हे मोठ्यांच्या लक्षात येत नाही. २०२३ च्या पावसाळ्यात चौथीत असलेला मुलगा सगळं सुरळीत झालं तर २०३० च्या मार्चमध्ये दहावीची परीक्षा देईल. मग आयटीआय, नोकरी, लग्न. प्रत्येक पायरीवर तो मनात हिशेब करणार की तो असता तर आज एवढा असता. आईबापांना गेलेलं लेकरू आठवतं ते लेकरू म्हणूनच. मित्राला मात्र त्याचं सगळं न जगलेलं आयुष्य दिसत राहतं, कारण तेच आयुष्य तो स्वतः जगत असतो. म्हणून मला वाटतं, इर्शाळवाडीचं स्मरण सरकारी आकड्यांपेक्षा या मुलांच्या हाती सोपवायला हवं.

जगात याचा एक जुना दाखला आहे. वेल्समधल्या अबरफान या खाणगावात २१ ऑक्टोबर १९६६ च्या सकाळी, शाळा भरून काही मिनिटं झाली होती, तेव्हा कोळशाच्या खाणीतल्या कचऱ्याचा डोंगर पावसाने घसरून पँटग्लास शाळेवर आला. १४४ माणसं गेली, त्यात ११६ मुलं होती. दुसऱ्या दिवसापासून त्यांना सत्राची मधली सुट्टी लागणार होती. तिथे शाळेबरोबर काही घरंही गाडली गेली. इथे घरं गेली, पण शाळा राहिली. अबरफानमध्ये वाचलेल्या मुलांनी मोठेपणी सांगितलं की त्या घटनेनंतर कितीतरी दिवस ती रस्त्यावर खेळायला जात नसत. आपल्याला खेळताना पाहून, ज्यांची मुलं गेली त्या आयांना वाईट वाटेल, असं त्यांना वाटे. जगल्याचा अपराधीपणा आठ-दहा वर्षांच्या मुलांनी मुकाट वाहिला, आणि त्यांच्याशी कुणी त्याबद्दल बोललं नाही. आज तिथे शाळेच्या जागेवर स्मृती-उद्यान आहे आणि टेकडीवरच्या दफनभूमीत पांढऱ्या कमानींची रांग आहे. पण ती मुलं बोलती व्हायला अनेक वर्षं गेली. इर्शाळवाडीच्या मुलांच्या बाबतीत एवढा उशीर आपण होऊ देऊ नये.

आपल्याकडचे दाखले तर फारच जवळचे आहेत. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाडलं गेलं, दीडशेहून अधिक माणसं गेली. २२ जुलै २०२१ ला रायगड जिल्ह्यातच, महाडजवळचं तळिये गेलं. इर्शाळवाडी धरून तिन्ही घटना जुलैच्या आहेत, शाळा सुरू होऊन महिना-दीड महिना झालेला असतो तेव्हाच्या. नवी वह्या-पुस्तकं मिळालेली असतात, बाकावरच्या जागा ठरलेल्या असतात.

तरुणपणी गेलेल्याला विसरायचं नाही, हे या भागाला शिकवावं लागत नाही. १ डिसेंबर १९१२ ला माथेरानला जन्मलेले भाई कोतवाल यांनी १९४२ च्या आंदोलनात मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांच्या गोळीबारात ते आणि कर्जत तालुक्यातले त्यांचे साथीदार हिराजी पाटील हुतात्मा झाले. भाई तेव्हा अवघ्या तिशीचे होते. दरवर्षी २ जानेवारीला लोक सिद्धगडावर जमतात, मानवंदना देतात. नेरळच्या चौकात हुतात्म्यांचं नाव आहे. ऐंशी वर्षं उलटली तरी आठवण टिकली, कारण तिला तारीख मिळाली, जागा मिळाली आणि नावं मोठ्याने घेतली गेली. हुतात्मे ध्येयासाठी गेले, वाडीतली मुलं झोपेत गेली. मरणाचं कारण वेगळं, पण मागे राहिलेल्या सवंगड्यांची गरज तीच आहे.

वाचलेल्या कुटुंबांना आधी चौकला कंटेनरच्या घरांत ठेवलं होतं. वसतिगृहातली मुलं त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत घरी आली ती पत्र्याच्या त्या घरांत. पुढे सिडकोने चौकजवळ ४४ घरांची वसाहत बांधली. तिथे रस्ता आहे, वीज आहे, हाकेच्या अंतरावर बाजार आहे. डोंगरावरून रोज खाली उतरणारी वाडी आता कायमची खाली आली आहे. वर उरली आहे ती माती, तिच्यात न सापडलेली माणसं, आणि जवळच सापडलेल्यांच्या अंत्यसंस्काराची जागा.

म्हणून इर्शाळगडाला जाणाऱ्यांना काही सांगायचं आहे. पनवेल-कर्जत लोहमार्गावरचं चौक आणि जुन्या महामार्गावरचा चौक फाटा ही इथली ओळखीची ठिकाणं. तिथून मोरबे धरणाच्या बाजूला वळलं की पायथ्याची गावं येतात. पावसाळ्यात जाऊ नका, हा उतार अजून स्थिर नाही. सुळक्यावर दोराशिवाय चढू नका. हिवाळ्यात जाल तेव्हा स्थानिक वाटाड्या घ्या, त्याला ठरलेले पैसे द्या आणि जेवण खालच्या गावात घ्या, कारण वाडी गेली तशी त्या लोकांची ट्रेकरांवरची कमाईही गेली. ढिगाऱ्यावर उभं राहून सेल्फी काढू नका, तिथे डबे उघडू नका. ती दफनभूमी आहे. तुमच्याबरोबर शाळकरी मुलं असतील तर त्यांना तिथेच सांगा की इथे तुमच्याच वयाची मुलं राहत होती.

आणि एक मागणी खालापूर-कर्जतच्या शाळांकडे, पेणच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाकडे आणि जिल्हा परिषदेकडे. दर १९ जुलैला दोन्ही तालुक्यांच्या शाळांत आणि आश्रमशाळांत प्रार्थनेच्या वेळी इर्शाळवाडीच्या ८४ जणांची नावं वाचावीत, आणि गेलेल्या शाळकरी मुलांची नावं त्यांच्या इयत्तेसह वाचावीत. ती नावं त्यांच्या वर्गमित्रांनी वाचावीत. ज्याला बोलता येईल त्याने एखादी आठवण सांगावी, ज्याला रडू येईल त्याला रडू द्यावं. वाडीच्या वाचलेल्या शाळेच्या भिंतीवर तीच यादी कोरावी. त्या दिवशी पावसाचा जोर असेल तर शिक्षकांनी मुलांना दरड कशी ओळखायची तेही सांगावं: जमिनीला पडलेल्या भेगा, अचानक गढूळ झालेला झरा, कललेली झाडं, आणि असं काही दिसलं की घर सोडून कुठे जायचं. आपल्या मित्रासाठी काहीतरी केलं, या समाधानाची त्या मुलांना फार गरज आहे. पुढच्या वाडीतलं एक जरी पोर त्या माहितीमुळे वाचलं, तरी मित्राचं स्मरण सार्थकी लागलं असं ती मुलं म्हणू शकतील.