फोटो पुढे पाठवण्याआधी

अहमदपुरात निकाह उरकतो न उरकतो, तोच आमच्या खानदानी ग्रुपवर फोटो येऊन पडतात. कुणाच्या लेकीचा फोटो कुठवर गेला, हे पाठवणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

२०२२ च्या पहिल्याच दिवशी ‘बुल्ली बाई’ नावाच्या ॲपवर मुस्लिम स्त्रियांचे फोटो ‘लिलावा’ला लावलेले दिसले. त्यांच्याच सोशल मीडियावरून उचललेले, अगदी साधे फोटो. काहींनी हिमतीनं तक्रार केली. मुंबई सायबर पोलिसांनी काही दिवसांतच पकडले ते १८ ते २१ वर्षांचे. त्यांत एक मुलगीही!

फोटो टाकणारीचा यात काय गुन्हा? आपल्याकडे मात्र आधी मुलीचाच मोबाइल काढून घेतात, मग क्लास बंद. म्हणूनच मुली अम्मीलाही सांगत नाहीत.

असं घडलं तर मजकूर पुसू नका. स्क्रीनशॉट, लिंक, नंबर जपून ठेवा, मगच ब्लॉक करा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर, १९३० वर किंवा ठाण्यात कळवा. महिला-मुलांच्या अश्लील मजकुराची तक्रार पोर्टलवर नाव न देताही होते.

आमच्या घरी आता ज्याचा फोटो, त्याला विचारूनच पुढे जातो. परवा भाचीनं ‘नको’ म्हटलं. खाला जराशा रुसल्या, पण फोटो थांबला.